प्रांत हरवलेला पदार्थ : राळेगावच्या शेवया आणि चीनचे नूडल्स

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुका वर्धा नदीच्या काठाने पसरलेल्या काळ्या, भारी जमिनीचा असून कापूस, तूर आणि अलीकडच्या काही दशकांत सोयाबीन ही तेथील मुख्य पिके आहेत. अशा कोरडवाहू मुलखात गहू हे रब्बीचे, ओलाव्याच्या भरवशावर घेतले जाणारे पीक होते आणि रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी असे. म्हणून गव्हाचे पीठ मळून, त्याचा धागा काढून, तो वाळवून जपून ठेवणे ही विदर्भातील शेतकरी घरांत सणासुदीची, लग्नकार्याची आणि पाहुण्यांच्या पानाची तयारी होती. चिनी नूडल्सचा मराठी मुलखातील इतिहास सहसा मुंबईपासून सांगितला जातो. परंतु पिठाच्या धाग्याशी या मुलखाची ओळख त्याहून फार जुनी आहे आणि ती नजरेआड केली, तर पुढे ‘चायनीज’ या नावाखाली नेमके काय आले आणि काय आलेच नाही, याचा उलगडा होत नाही.

गव्हाला या परिसरात किती मोल होते, याची एक खूण तालुक्यातील रावेरी गावाच्या लोककथेत सापडते. रावेरीला सीतेचे स्वतंत्र मंदिर आहे. वनवासातील सीतेने लव-कुशांच्या जन्मानंतर गावकऱ्यांकडे थोडे गहू मागितले, ते त्यांनी दिले नाहीत, म्हणून या शिवारात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला आणि एकटीने मुले वाढवणाऱ्या, परित्यक्त स्त्रियांच्या स्वाभिमानाशी ही कथा जोडली, ही त्या मंदिराच्या अलीकडच्या इतिहासातील मोठी गोष्ट होय. खाद्येतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचा आणखी एक अर्थ निघतो: ज्या शिवारात बाळंतिणीला गहू नाकारणे हा शाप ओढवून घेण्याइतका मोठा अपराध ठरला, तेथे गहू हे साधे धान्य नव्हते.

हाच दुर्मीळ गहू उन्हाळ्यात शेवयांच्या कामी येई. शेवयांसाठी गहू ओलावून, दडपून ठेवून, मग दळून बारीक कापडातून चाळले जातात. चाळून मिळणारे मऊ सपीठ मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवून, तेलाचा हात लावून पुष्कळ वेळ तिंबले जाते आणि मग मुरत ठेवले जाते. धागा काढण्याच्या दोन रीती विदर्भात प्रचलित होत्या. पहिली पाटावरच्या शेवयांची: एक लांब पाट तिरपा उभा करून एक बाई तळहाताने पिठाचा गोळा त्यावर घासत-लांबवत नेते आणि दुसरी खाली उतरणारा बारीक धागा झेलून काठीवर किंवा दोरीवर वाळत घालते. दुसरी निव्वळ हातावरच्या शेवयांची: पिठाची वळी ताणायची, दुमडायची, पुन्हा ताणायची, म्हणजे प्रत्येक दुमडीला धाग्यांची संख्या दुप्पट होते आणि जाडी घटत जाते. यानंतर हाताने फिरवायचे शेवयांचे यंत्र आले, मग विजेवरचे आले आणि पाट बहुतेक घरांतून माळ्यावर गेला.

शेवयांच्या जोडीला सरगुंडे हा खास विदर्भाचा प्रकार आहे. कणकेची बारीक, लांब वात वळून ती काडीभोवती गुंडाळायची, काडी काढून घेतली की मळसूत्रासारखा पोकळ वेटोळा उरतो, तो वाळवायचा आणि आंब्याच्या दिवसांत पाण्यात शिजवून आमरसाबरोबर वाढायचा, अशी त्याची साधारण कृती आहे. रस त्या वेटोळ्याच्या पोकळीत भरून राहतो, म्हणून हा आकार केवळ शोभेचा नाही. इटलीतील पेचदार पास्त्यामागेही हेच गणित आहे. बारीक दाण्यांसारखे गव्हले, नखाने दाबून केलेल्या नखुल्या, बोटावर वळलेले बोटवे ही आणखी काही रूपे. लग्नाच्या रुखवतात ही सारी मांडली जाई आणि मुलीच्या हाताचे कसब त्यावरून पारखले जाई. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सेविका नावाच्या पदार्थाचे वर्णन आहे. गव्हाच्या पिठाच्या अगदी बारीक वाती वाळवून, दुधात शिजवून तूप-साखरेसह खाव्यात, असे भावमिश्राने सांगितले आहे. म्हणजे राळेगावच्या अंगणातील हे वाळवण एका सलग आणि दीर्घ परंपरेचे होते.

या परंपरेमागे गव्हाच्या जातीचे शास्त्रही होते. कोरडवाहू काळ्या जमिनीत पूर्वी घेतला जाणारा बन्सी गहू हा कठीण, पिवळसर दाण्याचा, पास्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्युरम गव्हाच्या जातीचा असतो. त्याच्या पिठाचा धागा शिजल्यावर लगदा न होता ताठ राहतो. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून तिंबल्यावर त्यातील प्रथिनांचे एक लवचिक जाळे तयार होते, ज्याला ग्लूटेन म्हणतात आणि ज्याच्या बळावर पीठ न तुटता ताणले जाते. ज्या पिठात हे जाळे नाही किंवा काढून टाकले आहे, ते ताणता येत नाही. ते आधी शिजवावे लागते आणि मग छिद्रांतून दाबून काढावे लागते. कुरडई ही नेमकी अशी घडते: गहू काही दिवस भिजवून, वाटून, चोथा वेगळा करून उरलेला चीक मिठासह शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. ताणलेली शेवई आणि पाडलेली कुरडई हे धाग्याचे दोन मूलभूत वंश विदर्भातील गृहिणीला स्वतंत्रपणे ठाऊक होते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे, कारण चीनमधील नूडल्सचे प्रांतही बऱ्याच अंशी याच दोन वंशांवर उभे आहेत.

चीनच्या वायव्येकडील छिंगहाय प्रांतात लाज्या येथील उत्खननात पालथ्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे पिवळे, बारीक, जवळपास अर्धा मीटर लांबीचे धागे मिळाले आणि ते राळा आणि वरी या भरडधान्यांच्या पिठाचे असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. ज्या पिठात ग्लूटेन नाही त्याचा इतका लांब धागा ओढून कसा निघाला, ही शंका पुढे घेतली गेली. काही संशोधकांनी तो दाबून पाडलेला असावा, असे सुचवले. कुरडई ज्यांच्या घरी होते त्यांना हा तर्क सहज पटावा. चिनी ग्रंथांत लेखी वर्णन सहाव्या शतकापासून स्पष्ट मिळते: जिया सश्ये याने लिहिलेल्या ‘छी मिन याओ शू’ या शेतीविषयक ग्रंथात पिठाच्या वळ्या काढून त्या पाण्यात भिजवाव्या आणि भांड्याच्या काठावर बोटांनी दाबून पातीसारख्या पातळ कराव्या, असे सांगितले आहे. पुढे सुंग राजवटीत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांत, कायफंग आणि हांगचौ या राजधान्यांत नूडल्सची स्वतंत्र दुकाने होती. विदर्भाप्रमाणेच उत्तर चीनमध्येही गरिबाचे रोजचे अन्न दीर्घकाळ भरडधान्य होते आणि गव्हाचा धागा वाढदिवसासारख्या विशेष दिवशी येई.

चिनी नूडल्सचा नकाशा मुख्यतः छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेने दुभागला जातो. रेषेच्या उत्तरेस गहू, दक्षिणेस तांदूळ. उत्तरेत शान्शी प्रांतात पिठाचा ठोकळा हातावर धरून सुरीने त्याच्या पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात सोलल्या जातात. शेजारच्या शेन्शी प्रांतात पट्ट्याएवढ्या रुंद, ओट्यावर आपटून ताणलेल्या नूडल्सवर तिखट घालून गरम तेल ओततात. याच शेन्शीत ल्यांगफी नावाचा थंड पदार्थ आहे, ज्यासाठी पीठ पाण्यात धुऊन ग्लूटेन वेगळे काढतात आणि उरलेला चीक वाफवून त्याच्या पट्ट्या कापतात, म्हणजे कुरडईची पहिली अर्धी कृती तेथेही जशीच्या तशी आहे. पश्चिमेकडील कान्सू प्रांतातील लान्चौ शहरात हुई मुसलमानांनी गोमांसाच्या निवळ रश्श्यातील, हाताने ओढलेल्या नूडल्सचा पदार्थ नावारूपाला आणला. १९१५ च्या सुमारास मा बाओत्झ याने त्याला आजचे रूप दिले, असे मानले जाते. तेथील पीठ इतके ताणले जाते याचे रहस्य रानवनस्पतीच्या राखेपासून मिळणाऱ्या क्षारात आहे. क्षाराने ग्लूटेनचे जाळे घट्ट होते, धागा पिवळसर आणि चिवट बनतो. पापडखार घालून उडदाचे पीठ कुटणाऱ्या मराठी घरांना क्षाराचे हे सामर्थ्य वेगळ्या धान्यावर का होईना, परिचित होते. दक्षिणेत ग्वांगशी आणि युन्नान या प्रांतांत तांदळाचे धागे, मध्य चीनमधील वूहान शहरात तिळाच्या लगद्यात कालवलेले कोरडे नूडल्स, नैऋत्येच्या सिच्वान प्रांतात फेरीवाल्यांनी कावडीवरून विकलेले, जीभ बधिर करणाऱ्या मिऱ्यांचे ‘तान्‌तान’ नूडल्स, आणि आग्नेय किनाऱ्यावर कढईत परतलेले, अंड्याचे बारीक नूडल्स असा हा पसारा आहे.

या पसाऱ्यातून भारतात नेमके काय आले, हे भारतात कोणत्या प्रांतांचे चिनी लोक कोणत्या धंद्यासाठी आले यावरून ठरले. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये बजबज जवळ आछ्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला साखरेच्या उद्योगासाठी जमीन दिली आणि तेथून कोलकात्यातील चिनी वस्तीची सुरुवात सांगितली जाते. पुढे आलेल्यांत कँटनी लोक प्रामुख्याने सुतारकामात, दक्षिणेच्या डोंगराळ भागातील हाक्का समाज चर्मोद्योग आणि पादत्राणांत, आणि हूपे प्रांतातील लोक दंतवैद्यकात होते. वूहान ही हूपेचीच राजधानी; पण तेथून आलेले लोक दात बसवत होते, खानावळी चालवत नव्हते, त्यामुळे तिळाचे नूडल्स त्यांच्या घरापलीकडे गेले नाहीत. गव्हाच्या उत्तर चीनमधून तर जवळजवळ कोणी आलेच नाही. भारतात कढईत परतलेल्या नूडल्सचे राज्य झाले आणि रश्श्यातील, ओढलेले, सुरीने सोललेले नूडल्स अनोळखी राहिले, याचे कारण भारतीय जिभेच्या आवडीनिवडीपेक्षा स्थलांतराच्या या वाटांत अधिक आहे.

मुंबईची चिनी वस्ती बंदराशी बांधलेली होती. पश्चिम भारतातील कापूस अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कँटनला जात होता आणि १८७० नंतर मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाऊ लागले; वऱ्हाडचा कापूस या गिरण्यांचा एक मोठा आधार होता. म्हणजे चिनी पिठाचा धागा वऱ्हाडात पोहोचण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलखातील कापसाचा धागा चीनमध्ये विणला जात होता. गोदीतील आणि जहाजांवरील चिनी कामगारांनी माझगावला १९१९ मध्ये सी यिप मंदिर बांधले. सी यिप म्हणजे दक्षिणेकडील ग्वांगतुंग प्रांतातील चार तालुक्यांचा समूह, आणि मंदिराच्या नावातच आपल्या गावाकडची ओळख त्यांनी जपली. ‘नानकिंग’, ‘कामलिंग’ ही मुंबईतील जुनी चिनी उपाहारगृहे याच दक्षिणी परंपरेची होती.

या वस्तीवर १९६२ च्या भारत-चीन युद्धाने घाला घातला. सुमारे ३००० चिनी वंशाचे लोक, ज्यांतील अनेकांचा जन्मच भारतात झाला होता, ईशान्य आणि पूर्व भारतातून उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवले गेले, इतरांवर पोलिसांकडे हजेरीची बंधने आली, कित्येक देश सोडून गेले. हा अन्याय होता, आणि ज्या समाजाचे अन्न आज प्रत्येक तालुक्याच्या गावी विकले जाते त्याच्या बाबतीत तो स्पष्ट शब्दांत सांगितला गेला पाहिजे. युद्धाच्या काळातील एक व्यक्तिगत दुवा विदर्भाच्या अगदी शेजारचा आहे. जानेवारी १९६३ मध्ये पकडला गेलेला शेन्शी प्रांताचा एक चिनी सैनिक १९६९ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी या, भंडारा जिल्ह्यातील तुमसरशी लोहमार्गाने जोडलेल्या गावी ठेवला गेला, तेथे पिठाच्या गिरणीत काम करू लागला, तेथेच त्याचे लग्न झाले आणि २०१७ मध्ये प्रथमच त्याला मायदेशी जाता आले. रुंद नूडल्सच्या प्रांतातील हा माणूस मध्य भारतात गहू दळत राहिला. उलट दिशेचा प्रवासही विसरता येत नाही: १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकरही होते, आणि हे पथक याच शेन्शी प्रांतातील येनानला पोहोचले होते.

युद्धानंतरच्या काळात चिनी अन्नाची प्रांतिक ओळख एकेका पायरीने पुसट होत गेली. १९७३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले आणि सिच्वानी पाककला भारतात प्रथमच मोठ्या प्रतिष्ठेने मांडली गेली. परंतु तेथून रस्त्यावर उतरताना सिच्वानचे ‘शेजवान’ झाले आणि त्या प्रांताच्या चवीचा प्राण असलेली, जीभ बधिर करणारी मिरी गळून केवळ लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर उरले. विशेष म्हणजे त्या मिरीचे सख्खे भावंड असलेले तिरफळ कोकण आणि गोव्यात माशांच्या कालवणात पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते; म्हणजे मूळ चवीच्या अगदी जवळचा मसाला घरात असूनही कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले-लसूण-हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि मक्याचे पीठ घालून कोंबडीचा जो पदार्थ केला, त्याला मांचुरिया या प्रांताचे नाव पडले, ज्याचा त्या पदार्थाशी काहीही संबंध नव्हता. हाक्का नूडल्सच्या बाबतीत निदान समाजाचे नाव खरे होते, पण पदार्थाची घडण कोलकात्याची होती.

१९८३ मध्ये नेस्लेने भारतात मॅगी आणली आणि नूडल हा शब्द उपाहारगृहात कधीही न गेलेल्या घरांत पोहोचला. तळून वाळवलेली, गरम पाण्यात मऊ होणारी ही वडी जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये बाजारात आणली होती. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कॅपिटल फूड्सने ‘चिंग्ज सीक्रेट’ या नावाने तयार सॉस आणि चटण्या विकायला सुरुवात केली. सॉस बाटलीत, नूडल्स पाकिटात आणि कोबी, गाजर, ढोबळी मिरची आठवडी बाजारात मिळू लागल्यावर कोणाही होतकरू तरुणाला थोड्या भांडवलावर चायनीजची गाडी लावता येऊ लागली. तालुक्याच्या गावातील संध्याकाळी वाळवणाच्या शेवया खीर-दुधात आणि गाडीवरचे नूडल्स शेजवान चटणीत, असे दोन वंश एकमेकांची ओळख न पटता शेजारी नांदू लागले. आणखी एक विसंगती राळेगावच्या शेतकऱ्याने लक्षात घ्यावी अशी आहे. सोयाबीन हे मूळचे चीनचे पीक, सोया सॉस हा सोयाबीन आणि गहू आंबवून होतो आणि ही दोन्ही पिके तालुक्याच्या शिवारात निघतात. तरी येथील सोयाबीन तेलासाठी आणि पेंडीसाठी बाहेर जाते आणि सॉस बाटलीतून विकत येतो.

मॉलमधील उपाहारगृह ही या प्रवासातील सर्वांत अलीकडची पायरी आहे. भारतात आधुनिक मॉलची सुरुवात १९९९ च्या सुमारास दिल्लीतील अन्सल प्लाझा आणि मुंबईतील क्रॉसरोड्स यांनी झाली. विदर्भाचा ग्राहक ज्या नागपूरकडे वळतो, तेथील एम्प्रेस सिटी मॉल ज्या जागेवर उभा आहे ती जमशेटजी टाटा यांच्या एम्प्रेस मिलची. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली ही गिरणी कापसाच्या मुलखात, कापसाजवळ काढायची, या विचाराने नागपुरात आली होती. अलीकडे महानगरांतील मॉलमध्ये खेळीमेळीच्या बैठकीची, फार खर्चिक नसलेली उपाहारगृहे तान्‌तान, लान्चौचे ओढलेले नूडल्स, शेन्शीच्या रुंद पट्ट्या असे पदार्थ प्रांताच्या नावासह वाढू लागली आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे, कारण स्थलांतराच्या वाटांनी जे आणले नाही ते आता व्यापाराच्या आणि प्रवासाच्या वाटेने येत आहे, आणि ‘चायनीज’ या एकाच झाकणाखाली कोंबलेले प्रांत पुन्हा वेगळे ओळखले जात आहेत. एखाद्या मराठी कुटुंबाने तेथे शेन्शीची थंड ल्यांगफी चाखली, तर तिच्यातील चिकाचा मऊ ताण कुरडईच्या ओल्या चिकाशी ताडून पाहण्याची क्षमता त्या कुटुंबातील आजीत आहे, आणि हे ज्ञान कोणत्याही खाद्यसमीक्षकाच्या ज्ञानाहून कमी प्रतीचे नाही.

जी प्रांतिक ओळख चिनी नूडल्सला आता मिळू लागली आहे, ती विदर्भाच्या धाग्यांना मात्र अजून मिळालेली नाही. सरगुंडे कोणत्या काडीवर वळतात, बन्सी गहू कोणत्या शिवारात अजून पेरला जातो, पाटावरच्या शेवया करणाऱ्या बायकांच्या जोड्या कोणत्या गावांत उरल्या आहेत, हे जाणणाऱ्या बायका आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांचे शब्द कागदावर उतरलेले नाहीत. राळेगाव तालुक्यातील महाविद्यालयांनी आणि महिला बचत गटांनी येत्या उन्हाळ्याच्या वाळवणाच्या दिवसांतच रावेरीपासून सुरुवात करून गावोगावच्या कृती, अवजारे आणि गव्हाच्या जाती लिहून घ्याव्यात, आणि लिहिताना प्रत्येक कृतीपुढे गावाचे नाव अवश्य घालावे.